दिव्यावरची घोंगडी

"ह्यात काय घातलंयस रं?" परशुरामनं काळं झालेलं बोट नाकाशी नेलं आणि वास घेतला.

"करंजेल."

"इंजनात करंजेल?"

"बा म्हणायचा, हिला तेल कमी पडू दिऊ नगो. कुठलं तेल, ते काय बोलला न्हाई."

परशुराम हसला नाही. हसला असता तरी मला काही वाटलं नसतं, कारण त्या मोटरीपायी लोक माझ्यावर नऊ वर्षं हसतच आले होते. साऱ्या सुपे पेट्यात घरची मोटर असलेला कुणबी मी एकटा, आणि लाकडाच्या डेपोवर रोज दोन कोस पायी जाणाराही मीच. वाटेत कुणी भेटलं की विचारायचं, "काय मोटरवाले, आज चालतच?" मी म्हणायचो, "व्हय, आज चालतच." एवढं बोलून दोघंही आपापल्या वाटेनं जायचो.

परशुराम खानापूरजवळच्या नंदगडचा. इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, हात कोपरापर्यंत काळे आणि बोलणं बेताचं. सुगी उरकली होती, खळी मोकळी झाली होती, आणि आमच्या गावात, कुंभारवाड्यात, भात कांडायची गिरण घालायची असं त्याच्या डोक्यात होतं. कांडायचं यंत्र त्यानं बेळगावहून आणून बुधवंतांच्या पडवीत ठेवलं होतं. बुधवंत म्हणजे आमच्या गावचे मुख्य, त्यांचा शब्द गावात चालायचा. ओढ्याकाठची जागा त्यांनीच दाखवली होती. आता फक्त यंत्र फिरवायला इंजिन पाहिजे होतं, आणि कुणीतरी त्याला सांगितलं, येसाजीच्या मांगरात एक मोटर पडून आहे.

येसाजी माझा बाप. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली तरी मोटर त्याच्याच नावावर चालायची, म्हणजे लोकांच्या बोलण्यात. मांगर म्हणजे आमचं बैलांचं छप्पर. त्याच्या अर्ध्यात बैल आणि अर्ध्यात मोटर, चार दगडांवर टेकवलेली. मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालायच्या. टपाचं कापड उंदरांनी खाल्लं होतं. पण पुढचे दोन पितळी दिवे, जेवायच्या ताटाएवढे, मी दर अमावास्येला चिंचेनं घासायचो. मग हँडल दोनदा फिरवायचो, करंजेल ओतायचो आणि हात धुवून जेवायला बसायचो. का, ते पुढं सांगतो.

परशुरामनं हँडल धरून सावकाश अर्धा फेरा दिला. आत काहीतरी जड हललं.

"चिकाटलंय," तो म्हणाला, "पर गंज न्हाई. राकेलात धुतलं तर चालंल बघ. वासू, ह्ये मला दे. गिरण तुझ्या गावातच ऱ्हाणार. तुझ्या घरचं भात मी हयातभर कांडून दीन, आनि बायकांच्या हातातलं मुसळ सुटंल ते येगळंच."

बाहेर अंगणात आई कांडत होती. माझी बायको रुक्मा तेव्हा चौथ्या महिन्यात होती. आधीची दोन पाचव्यात गेली होती, दोन्ही खेपेला उखळापाशीच तिच्या पोटात कळ आली होती. सुईणीनं बजावलं होतं की ह्या वेळी मुसळाला हात लावायचा नाही. म्हणून साठी उलटलेली आई कांडायची. तिची मनगटं सुजायची, आणि निजायच्या आधी ती त्यांना करंजेल चोळायची. मोटरीला आणि आईला एकाच बुधल्यातलं तेल लागायचं. परशुरामचं बोलणं झालं तसा मुसळाचा आवाज थांबला. ती ऐकत होती.

"न्हाई जमायचं," मी म्हणालो.

"का?"

"कावळ्याला शब्द दिलाय."

परशुरामनं हँडल सोडलं. तो खानापूर भागातला माणूस, त्याला ह्याच्यावर काही समजावून सांगावं लागलं नाही.

"बाच्या कावळ्याला?"

"व्हय, बाच्याच."

"मग काय बोलायचं न्हाई." त्यानं हात चिंधीला पुसले. "उद्या सकाळी मी जगलबेटाकडं जातो. तिथं एक इंजन हाय म्हणत्यात. ते मिळालं तर गिरण बी तिकडंच घालतो, इकडं वढत आणणं माझ्यानं व्हायचं न्हाई. सांगून ठेवतो, एवढंच."

तो गेला. थोड्या वेळानं मुसळाचा आवाज परत सुरू झाला, आधीपेक्षा हळू.

बा मूळचा गाडीवान. जंगलातून डेपोवर लाकडं ओढायचा. बेळगावचे एक शेठ लाकडाचा ठेका घेऊन इकडं आले, ते मोटर घेऊनच. आमच्या गावच्या ओढ्यात ती रुतली तेव्हा बानं आपले बैल जुंपून ती बाहेर काढली. पुढं शेठच्या डायवरला आमच्याकडचा हिवताप चढला आणि तो रातोरात नव्हे, भर दिवसा सगळ्यांच्या देखत पळून गेला. शेठ म्हणाले, "येसाजी, तू बैल हाकतोस, ही पण हाकशील." बानं महिन्याभरात शिकून घेतलं. ठेका संपायच्या वर्षी मोटरीचा कणा मोडला आणि शेठनी ती इथंच सोडली. म्हणाले, तुझी तुलाच राहू दे. बानं लोहाराकडून कणा सांधून घेतला आणि पुढं दोन वर्षं ती चालवली. उळवीच्या जत्रेला म्हाताऱ्यांना नेलं, अडलेल्या बायकांना सुप्याला नेलं, एकदा अणशीच्या वाटेवर अस्वलाला भिऊन उलटी आणली, ती गोष्ट गावात अजून सांगतात.

मोटरीचा आवाज आम्हाला लांबून कळायचा. चार ठोक्यांतला एक तिला नीट बसत नसे. ठक ठक ठक, मग एक पोकळ, परत ठक ठक ठक. देवराईच्या वळणावर तो आवाज आला की आई हातातलं काम टाकून उठायची, चुलीवरच्या हंड्यातून तांब्याभर ऊन पाणी काढायची आणि अंगणातल्या दगडाशी जाऊन उभी राहायची. बा उतरून दगडावर पाय धुवायचा. मग विचारायचा, "वासू जेवला?" मी बाजूलाच उभा असायचो, पण तो आईलाच विचारायचा.

मला त्यानं मोटर शिकवायला घेतली होती. पहिल्याच दिवशी मी ती शेताच्या बांधावर घातली आणि चाकावरचा पत्रा चेपला. बा रागावला नाही. "ऱ्हाऊ दे, अजून टैम हाय," म्हणाला. मी परत कधी बसलो नाही, आणि त्यानंही परत विचारलं नाही. आम्हा दोघांनाही टाळायला बरं पडलं.

पौषात त्याला ताप आला. थंडीताप आमच्याकडं घरोघर येतो आणि जातो, म्हणून दोन दिवस काढा दिला. तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे फिरले. डॉक्टर सुप्याला, सहा कोसांवर. मांगरात मोटर उभी. मी जाऊन हँडल मारलं आणि ती एका फेऱ्यात सुरू झाली, त्यानं ठेवलीच तशी होती. मी त्याच्या जागेवर जाऊन बसलो. पुढं काय करायचं ते मला माहीत होतं, पाय कुठं दाबायचा, दांडा कुठं सारायचा, सगळं. पण माझा पाय हलेना. किती वेळ बसलो होतो ते सांगता येत नाही. इंजिन चालू, मी वर बसलेला, आणि घरात बाप. मग मी ती बंद केली आणि बैल जुंपले.

बाला गाडीत गवतावर निजवला, उशाशी आई बसली. मी बैलांच्या पुढं चालत होतो. वाट जंगलातली, पुढं कुणीतरी चालायलाच लागतं. सुपं कोसभर राहिलं असताना आईनं हाक मारली, "वासू, गाडी थांबव." मी थांबवली. तिनं त्याच्या तोंडावरून धोतराचं टोक ओढलं होतं.

मला रडू आलं नाही. घरी आल्यावर आलं नाही, जाळतानाही आलं नाही. बायका म्हणत होत्या, पोरगा घट्ट आहे. मी घट्ट नव्हतो. हातावर निजून हात बधिर होतो ना, आपलाच असून आपला वाटत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. हाताला पुढं मुंग्या तरी येतात. मला त्याही आल्या नाहीत.

दहाव्याला ओढ्याच्या काठी निवद ठेवला. समोर आइनाच्या झाडावर आठदहा कावळे. आम्ही मागं सरून बसलो. एक कावळा उतरायचा, दोन उड्या मारायचा आणि परत झाडावर जायचा. मग उतरायचेच बंद झाले. आई म्हणाली, शांतीचं लगीन चांगल्या घरात करीन. शांती माझी बहीण. कावळा आला नाही. मी म्हणालो, शेत पडीक ठेवणार नाही, बैल विकणार नाही, आईला अंतर देणार नाही. नाहीच. ऊन वर आलं. पोरंबाळं भुकेजली.

तेव्हा बुधवंत म्हणाले, "येसाजीचा जीव मोटरीत अडाकलाय. मोटर हिकडं आणा. त्याला बघू दे."

ते सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. सहा गड्यांनी दोर लावून मोटर ओढ्याच्या काठी आणली आणि तोंड निवदाकडं करून उभी केली, बाला समोरून दिसावी म्हणून. ती कुणी चालवत का आणली नाही, असं कुणी विचारलं नाही, तेवढं बरं झालं. माणसं येणार म्हणून सकाळी मीच तिचे दिवे घासले होते.

मोटर आली आणि कावळे झाडावरूनसुद्धा उडून पलीकडं गेले. बुधवंत मला म्हणाले, "वासू, बोल. ध्यान लावून बोल."

मी बोलत गेलो. ही विकणार नाही. कुणाला वापरायला देणार नाही. दर अमावास्येला पुसीन, तेल घालीन. कावळे पलीकडंच. एकेक शब्द वाढवत मी शेवटी म्हणालो, "मी जिता हाय तवर हिचा एक खिळा बी कुणाला उपसू देणार न्हाई." तेवढ्यात आई उठली. मोटरीपाशी गेली, खांद्यावरची बाची घोंगडी मोटरीच्या तोंडावर टाकली आणि तिथंच टेकून उभी राहिली. ते बघून बायकांनी हंबरडा फोडला. आणि एक कावळा आला, सरळ निवदावर बसला आणि त्यानं भाताचा घास उचलला.

"सुटला," बुधवंत म्हणाले. सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

माझ्या मनात तेव्हा एकच आलं की बानं मला ओळखून शिक्षा दिली. जी मोटर मला चार पावलं चालवता आली नाही, ती मी जन्मभर राखायची. मला ती कबूल होती. शिक्षा मिळाली की माणसाला एका परीनं बरं वाटतं. मी डेपोवर कामाला लागलो. कापलेल्या ओंडक्यावर सरकारी हातोड्यानं छाप मारायची, पुढच्या ओंडक्याकडं जायचं, परत छाप मारायची. असल्या कामाला मी चांगला होतो.

तर परशुराम येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी चुलीपाशी बसून पेज पीत होतो. रुक्मा पाणी आणायला गेली होती. आई सुपात भात घेऊन उखळाकडं निघाली होती, ती दारातून परत फिरली आणि सूप खाली ठेवून माझ्यासमोर बसली.

"वासू, कावळा तुझ्या शब्दाला आला न्हाई."

मी वर बघितलं. तिला बरं नाही असं मला वाटलं.

"कुठला कावळा?"

"तुझ्या बाचा. त्यो दिव्यांना भ्याला हुता. तू घासून लखलखीत केल्तास. ऊन त्यांच्यावर पडायचं आनि तिरीप सरळ निवदावर. कावळा पलीकडनं निघायचा, डोळं दिपलं की फिरायचा. मी बसल्या बसल्या बघत हुते. तुम्ही समदे रिकाम्या झाडाकडं बघत हुतासा."

"मग?"

"मग घोंगडी टाकली. आला."

चुलीतलं लाकूड बाहेर सरकलं होतं, ते तिनं आत ढकललं. मी पेजेची वाटी खाली ठेवली.

"पर सकाळी त्यो निवदाला शिवला न्हाई, तवा मोटर कुठं हुती तिथं?" मी म्हणालो. "मोटर तर मागनं आणली."

"सकाळी तुझी मावशी पोरं घिऊन निवदाच्या दोन हातांवर बसली हुती. पोरं कावळ्याला दगड दाखवत हुती. कोण येतंय?"

हे मला आठवत होतं. मावशीची पोरं होतीच तशी.

"तवाच का बोलली न्हाईस?"

"कशी बोलू? समदे म्हणाले, सुटला. तू बी म्हणालास. मी मधीच उठून सांगू, न्हाई, घोंगडीनं आला म्हणून? मग त्यो सुटला का न्हाई सुटला, ह्ये कुणी सांगायचं? बुधवंत सांगणार? नऊ वर्सं त्योच इचार करत कांडतीया मी."

"आनि आता सांगतीस."

तिनं दोन्ही मनगटं माझ्यापुढं धरली. कातडी ताणून चकाकत होती. "ह्यांच्यानं आजून म्हयना निघंल. मग सूनबाई मुसळ धरंल. तिला नगो म्हटलं तरी म्हातारीला कांडताना बघत बसायची न्हाई ती. आनि धरलं की काय हुतं, दोनदा बघितलंय आपण. मेलेल्याचं काय झालं मला कळत न्हाई रं, वासू. हिच्या पोटातलं कळतंय."

मला वाटलं, आता काहीतरी होईल मला. राग येईल, नाहीतर मोकळं वाटेल. कोंबडी दारात आली, तिला मी हाकललं. तेवढंच झालं.

"बानं आवाज ऐकला हुता का?" मी विचारलं. हा प्रश्न मी नऊ वर्षांत कुणाला विचारला नव्हता.

तिला लगेच कळलं. "ऐकला. सुरू झालेला ऐकला, बंद झालेला बी ऐकला."

"काय म्हणाला?"

"तवा काय न्हाई. मागनं गाडीत म्हणाला. देवराई वलांडली तवा. म्हणाला, काशे, बैलच बरं. मोटरीत आतापातुर माझी हाडं मोडली असती."

"आसं म्हणाला?"

"व्हय. आनि तू अनवाणी चाललाईस का, ते इचारलं. मी म्हटलं, न्हाई, वहाणा हाईत."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तू इचारलंस का कधी?" आई म्हणाली. सूप उचलून ती बाहेर गेली. मी बाहेर जाऊन तिच्या हातातलं मुसळ काढून घेतलं आणि ते आढ्याला टांगलं. "आजचं ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणालो.

बुधवंतांच्या पडवीत परशुराम गाठोडं बांधत होता.

"चल, इंजन काढायला," मी म्हणालो.

तो गाठोड्यावरच बसला. "कावळा?"

"ते माझं मी बघीन."

बुधवंत झोपाळ्यावर होते. ते आता फार थकले होते, पण ऐकायला येत होतं. "वासू," ते म्हणाले, "शब्द पाच माणसांत दिलायस. माझ्या समोर दिलायस. येसाजी सुटलाय त्या शब्दावर."

मला खरं सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण मग आईनं नऊ वर्षं गावाला आणि बुधवंतांना फसवलं असं झालं असतं, आणि त्यांनीच काठावर आणवलेल्या मोटरीला कावळे भ्याले होते हेही निघालं असतं. म्हाताऱ्या माणसाला आता कशाला.

"शब्द मी दिला हुता," मी म्हणालो, "मोडतोय बी मीच. काय व्हायचं ते मला हुईल."

बुधवंतांनी तोंड फिरवलं. पुढं ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत. गावात बोलणं झालं की वासूनं बापाचा कावळा उपाशी घालवला. वाटेत मोटरवाले म्हणून हाक मारणं बंद पडलं. मी समजत होतो की त्या हाकेचा मला कंटाळा आहे, पण बंद झाल्यावर दोन दिवस चुकल्यासारखं वाटलं.

इंजिन काढायला दीड दिवस गेला. पहिला खिळा मी स्वतः काढला. परशुरामनं पाना माझ्या हातात दिला आणि तो मुद्दाम बाहेर बैलांकडं बघत उभा राहिला. खिळा बसला होता घट्ट. दोनदा पाना निसटला आणि माझ्या बोटाचं सालटं गेलं. तिसऱ्यांदा करकरला आणि सुटला. मी तो कमरेला खोचला, आणि पुढचे परशुरामनं काढले. सागाच्या फळ्यांवरून घसरत आणून आम्ही इंजिन बैलगाडीवर चढवलं. गाडी तीच. दुसरी आमच्याकडं नव्हती. मी बैलांच्या पुढं चालू लागलो, सवयीनं, आणि थोड्या वेळानं मागं येऊन बाजूनं चाललो.

"चार ठोक्यातला एक चुकंल बघ हिचा," मी परशुरामला सांगितलं.

"असू दे. भाताला काय कळतंय," तो म्हणाला.

दिवे त्याला लागणार नव्हते. ते मी उतरवून ठेवले. आईनं ते कोनाड्यात ठेवले आणि वर बाची घोंगडी टाकली. का, ते रुक्मानं विचारलं. आई म्हणाली, धूळ बसती.

गिरण माघात सुरू झाली, उळवीच्या जत्रेच्या चार दिवस आधी. त्या दिवशी मी डेपोवर होतो. जत्रेच्या तोंडावर सुट्टी नव्हती आणि मी मागितलीही नव्हती. सगळे लोक जमतील, बुधवंत नारळ फोडतील, माझ्याकडं बघतील, ते मला नको होतं. दिवसभर ओंडक्यांवर छाप मारली आणि ऊन कलल्यावर घरची वाट धरली. हवेत गारठा होता. ओढा उतरताना वहाणा हातात घेतल्या आणि पुढं तसाच चालत राहिलो.

देवराईच्या वळणावर आलो आणि मला ऐकू आलं. ठक ठक ठक, मग एक पोकळ, मग परत ठक ठक ठक. ओढ्याच्या काठावरून येत होतं, आणि तरी मला आधी वाटलं की ते मागून, वाटेवरून येतंय. मी वाटेच्या कडेला सरून उभा राहिलो. मागून कुणी येत नव्हतं. किती वेळ उभा होतो ते याही वेळी सांगता येत नाही, पण या वेळी पाय आपणहून निघाले.

रुक्मा पडवीत बसून तांदूळ निवडत होती. गिरणीतून आलेला, पांढरा, तिच्या मांडीवर सूपभर. सातवा महिना लागायला आठ दिवस होते. मला बघून तिनं डोळ्यांनीच अंगणाकडं खुणावलं.

अंगणातल्या दगडाशी आई उभी होती. हातात तांब्या, त्यातून वाफ निघत होती. ती वळणाकडं बघत होती. मी त्याच वळणावरून आलो होतो, तिच्या समोरून आलो होतो, तरी मी जवळ जाईपर्यंत तिला दिसलो नाही. मग तिनं माझ्याकडं पाहिलं आणि हातातल्या तांब्याकडं पाहिलं.

"आवाज आला," ती म्हणाली. "म्हणून उठले."

ती परत फिरणार होती. मी वहाणा खाली टाकल्या आणि दगडावर जाऊन उभा राहिलो.

"वत," मी म्हणालो.

ती थोडी थांबली, मग वाकली. सुजलेल्या हातांना तांब्या जड होत होता, म्हणून तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि माझ्या पायांवर पाणी सोडलं. चांगलं ऊन पाणी होतं. माझे पाय गार पडलेत, हे मला तेव्हा कळलं.

"वासू जेवला?" मी विचारलं.

आईनं वर बघितलं नाही. "न्हाई," ती म्हणाली. "आत्ताच आलाय."